कोजागिरी कळणारा तारा

त्या दुपारी मी गुमान चहा करत बसले असते, तर आमच्या ह्यांचं नाव एका ताऱ्याच्या अभ्यासात कायमचं लागलं असतं. पण गुमान बसणं मला कधी जमलं नाही. माहेरी नागपूरला सगळे म्हणायचे, हिला काशीला दिली ते बरं झालं, गंगेच्या पाण्याने जीभ तरी थंड होईल. डोंबल थंड होते! चाळीस वर्षं झाली येऊन, उलट बनारसी हिंदीची धार चढली तिला.

आमचं घर बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत. गल्लीतली मराठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. आम्ही घरात मराठी बोलतो आणि उंबरा ओलांडला की हिंदी. हे एका इंटर कॉलेजात गणित शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत शिवण. दोघंही रिटायर झालो. रिटायर झाल्यावर इतरांचे नवरे घाटावर बसून पान चघळतात, सरकारं पाडतात. ह्यांनी एक तारा पाळला.

खरंच सांगते, पाळला असंच म्हणायला हवं. हंस नावाचं एक तारकामंडळ आहे, त्यातला हा एक अगदी बारीक तारा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बिणीतून दिसतो. त्याला नावसुद्धा नाही, लांबलचक आकडा आहे. हे त्याला 'बारक्या' म्हणायचे. पावसाळा ओसरला की रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला हे छतावर जायचे, पाण्याच्या टाकीजवळ आरामखुर्ची टाकायचे, मान मागे करून दुर्बीण डोळ्यांना लावायचे आणि बारक्याचं तेज शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून वहीत लिहायचे. आकडा मोठा असेल तर तारा मंद, लहान असेल तर तेजस्वी, हे उलटं गणित त्यांनी मलाही शिकवून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी मी विचारलं, "अहो, हे कशासाठी? कुणी मागितलंय का तुमच्याकडे?" तर म्हणाले, "कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना त्याच्यावर."

बारा वर्षं ठेवलं त्यांनी लक्ष. बारा वह्या भरल्या. तारीख, वेळ, आकडा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात त्या संध्याकाळी आजूबाजूला कसला उजेड होता ते लिहायचं, कारण उजेडाने डोळा फसतो. चंद्र आहे की नाही. समोरच्या घरातल्या लग्नाची झालर. बोटीचा सर्चलाइट. पलीकडच्या छतावर कुणी मोबाइलचा टॉर्च लावला तर तोही. एकदा मी अंजिरी रंगाची साडी नेसून कंदील घेऊन वर गेले तर 'पत्नी कंदिलासह, पाच मिनिटं' असं लिहिलेलं सापडलं. मी तणतणले, तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

मग तीनेक वर्षांपूर्वी एका सकाळी हे पेपर घेऊन जिन्यावरून असे धडधडत खाली आले की मला वाटलं, कुणी गेलं. चेहरा पांढराफटक. "अगं, आपला बारक्या!" एवढंच म्हणाले आणि पेपर माझ्या हातात कोंबला.

मी उभ्याउभ्या वाचलं आणि मटकन पाटावर बसले. बाहेरच्या देशातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना दिसलं होतं की ह्या ताऱ्याचा उजेड मधूनच एकदम कमी होतो. काहीतरी आडवं येतं. ग्रह आडवा आला तर इतका कमी होत नाही, आणि ग्रह ठरावीक दिवसांनी येतो, हे केव्हाही येतं. काहीजण म्हणत होते, धूळ असेल. आणि काहीजण म्हणत होते, ताऱ्याभोवती कुणीतरी काहीतरी बांधलेलं असेल. प्रचंड मोठं. लाखो वर्षांपूर्वीचं. आता मोडकळीला आलेलं, तुकडे होऊन फिरत राहिलेलं. बांधणारे बहुधा उरलेच नसतील.

ज्याच्याकडे माझा नवरा बनियनवर बसून रोज बघतो, त्याच्याभोवती कुणाचं तरी बांधकाम? दूधवाल्याला सांगितलं तर तो कॅनला टेकून म्हणाला, "अरे चाची, वहाँ भी कोई राजा घाट बनवा के चला गया होगा." आमच्या नागपूरकर भोसल्यांनी इथे घाट बांधला, दगडी वाडा उठवला, आणि आता राजे नाहीत, दगड आहेत. ह्यांना ते इतकं पटलं की दिवसभर पुटपुटत होते, "बांधून गेलं कुणीतरी. बांधून गेलं."

त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं की माझ्याकडे ह्या ताऱ्याच्या इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्यालाही नाही. दोन वर्षं हा माणूस पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की दाराशी जायचा आणि विजेचं बिल घेऊन परत यायचा. मला इतका राग यायचा त्या विद्यापीठाचा की सांगता सोय नाही.

शेवटी ह्या वर्षी गणपतीत एक मुलगी आली. ताऱ्यांवरच पीएच.डी. करत होती, आणि निघाली आमच्या नागपूरची. कुठल्या तरी जुन्या फाइलमध्ये तिला ह्यांचं पत्र मिळालं होतं. बाराच्या बारा वह्यांचे तिने फोटो काढले. एकेक पान ती दोन्ही हातांनी धरून उलटत होती, ते मी पाहिलं. म्हणाली, "काकू, मोठ्या दुर्बिणींकडे ह्या ताऱ्याच्या गेल्या काही वर्षांच्याच नोंदी आहेत. त्याआधी रोज त्याच्याकडे बघणारा माणूस मला जगात दुसरा सापडला नाही." हे ऐकून ह्यांनी नुसतं नाक शिंकरलं. मला कळलं काय झालंय ते. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण डबे वाजवले.

ती परत आली ती कोजागिरीच्या दिवशी दुपारी. मी खाटेवर बसून आकाशदिव्याची करंडी नीट करत होते.

हा आकाशदिवा म्हणजे काय ते सांगायला हवं. महाराष्ट्रात कार्तिक दिवाळीच्या पाडव्याला लागतो. काशीत मात्र कोजागिरी संपली की कार्तिक सुरू. कोजागिरीपासून ते त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत इथे गेलेल्या माणसांसाठी बांबूच्या उंच काठीवर दिवा चढवतात. वेताच्या करंडीत पणती ठेवायची आणि कप्पीवरून दोरीने ओढून वर न्यायची, म्हणजे वर असलेल्यांना वाट दिसते. आमच्या शेजारच्या पंचगंगा घाटावर अशा काठ्यांची रांग लागते. आमची काठी आमच्या छतावर, उत्तरेच्या कठड्याला बांधलेली.

तो दिवा ह्यांच्या धाकट्या भावाचा. मी लग्न होऊन यायच्या आदल्या वर्षी तो गंगेत गेला. दोघं भाऊ पोहत पलीकडच्या रेतीवर निघाले होते, इथली सगळी मुलं जातात तसे. हे पुढे होते. रेतीवर पोचून वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांचा होता. हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलं, आणि मरताना करंडी माझ्या हातात दिली. ह्यांनी मात्र चाळीस वर्षांत त्याचा एक शब्द काढला नाही. फोटो नाही, आठवण नाही, काही नाही. मी रोज तिन्हीसांजेला त्यांच्यासमोर दिवा चढवायची, कप्पी कुरकुरायची, आणि हे खुर्चीत दुर्बिणीची काच पुसत बसायचे. सुरुवातीला मी चिडायची. मग सोडून दिलं. प्रत्येकाची आपापली तऱ्हा असते.

तर ती मुलगी आली, चप्पल काढायचंही भान नव्हतं तिला. लॅपटॉप उघडून तिने एक आलेख दाखवला. सरळ चाललेली रेघ आणि मध्येमध्ये खड्डे.

"काका, तुमचा तारा दर वर्षी एकदा मंद होतो. महिनाभर मंद राहतो आणि परत येतो. बारा वर्षं, बारा खड्डे. चंद्राचा उजेड मी हिशोबातून काढून टाकला, तरी राहतात. काका, हे कुणालाच दिसलेलं नाही!"

हे खुर्चीवरून अर्धे उठले आणि परत बसले.

"आणि गंमत सांगू? दोन खड्ड्यांमधलं अंतर सारखं नाही. तीनशे चोपन्न दिवस, मग तीनशे पंचावन्न, मग एकदम तीनशे चौऱ्याऐंशी. पुन्हा तीनशे चोपन्न. ग्रहाचं असं कधी नसतं. मी तीन आठवडे गणित करतेय. दोन प्रचंड तुकडे एकमेकांभोवती फिरत ताऱ्यापुढून जात असतील तरच असं होतं. म्हणजे कुणी बांधलेलं." ती थांबली, श्वास घेतला. "उद्या लेख पाठवायचाय. काका, पहिलं नाव तुमचं टाकते."

पहिलं नाव! मी ह्यांच्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. एवढा आनंद त्या चेहऱ्यावर मी लग्नात पाहिला नव्हता, आमची लेक झाली तेव्हा पाहिला नव्हता. मी देवाला मनातल्या मनात हात जोडले.

मग ती म्हणाली, "एकच गोष्ट नक्की करायची होती. ह्या दिवसांत आसपास एखादा उजेड असायचा का? नवा दिवा, खांब, काही?"

"नाही," हे म्हणाले. "असता तर शेऱ्यात लिहिला असता. तू बघितलंस ना, मी हिच्या कंदिलाचंसुद्धा लिहिलंय."

"तेच म्हटलं. वह्यांत कुठेच नाही."

माझा हात करंडीवर होता. तरी अजून माझ्या डोक्यात काही नव्हतं, खोटं कशाला बोलू. मी सहज, आपण ऐकतोय हे दाखवायला म्हणून विचारलं, "खड्डा सुरू कधी होतो गं? तुझे ते दिवसांचे आकडे नको, साध्या तारखा सांग."

"तारखा मी लावल्या नाहीत काकू, आम्ही दिवस सलग मोजतो. थांबा." तिने टकटक केलं. "हं. तेवीस ऑक्टोबर. पुढच्या वर्षी तेरा ऑक्टोबर. त्याच्या पुढच्या वर्षी एकदम तीस ऑक्टोबर. मग एकोणीस. मग नऊ. मग अठ्ठावीस."

अठ्ठावीस ऑक्टोबर म्हटल्यावर मी करंडी खाटेवर ठेवली. ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. त्या कोजागिरीला चंद्रग्रहण होतं. वेध लागले म्हणून दूध चांदण्यात ठेवता आलं नाही, दोन लिटर दूध आटवून सकाळी गल्लीतल्या गायीला घातलं, आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आणि तीस ऑक्टोबर? ते लॉकडाउनचं वर्ष. त्या वर्षी अधिक महिना आला होता, सगळे सण लांबले होते.

"मी चहा टाकते," म्हणून मी उठले. गॅसवर चहा ठेवला. आतल्या कपाटात माझी जुनी पंचांगं असतात, त्यांवर मी दूध आणि गॅसच्या टाक्या मांडते म्हणून टाकत नाही. एकेक काढून बघत गेले. तेवीस ऑक्टोबर, कोजागिरी. तेरा, कोजागिरी. तीस, कोजागिरी. एकोणीस, कोजागिरी. नऊ, कोजागिरी. पानं बोटांना चिकटत होती.

एखाद्या ताऱ्याला कोजागिरी कशी कळते? कुठे तो, कुठे आपण. त्याला अधिक महिना कोण सांगायला गेलं होतं?

उत्तर खाटेवर पडलं होतं. वेताची करंडी, वर नवी सुती दोरी.

मी किती वेळ त्या कपाटाला धरून उभी होते, देव जाणे. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता. हसत होते, मोठमोठ्याने. तिला सांगत होते की शेऱ्याचा रकाना कसा महत्त्वाचा. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले. मला वाटलं, नको. नको बोलायला. कुणाचं काय बिघडतं? लेख जाईल, नाव छापून येईल, हा माणूस चार दिवस ताठ मानेने गल्लीत हिंडेल. दोन वर्षं पोस्टमनची वाट पाहिलीय त्याने. मी बोलले तर ते सगळं माझ्या हाताने मोडणार. आणि नाही बोलले, आणि उद्या दुसऱ्याच कुणी शोधून काढलं, तर? गणिताचा मास्तर आहे. हसू झालं तर तो जगायचा नाही.

मी पंचांगं घेऊन बाहेर आले. "अहो," म्हटलं, "ह्या सगळ्या तारखा कोजागिरीच्या आहेत."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मुलीला लगेच काही कळलं नाही. हे म्हणाले, "मग?"

"मग काय मग! कोजागिरीला सुरू होतो आणि महिन्याने, त्रिपुरीला संपतो. तुमचा तारा मंद होत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर दिवा असतो."

"कुठला दिवा?"

मला आधी वाटलं, चिडून म्हणाले. म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. नाही हो. तो माणूस खरंच विचारत होता. कपाळाला आठी घालून, वर्गात मुलाने भलतंच उत्तर दिल्यावर बघतात तसा बघत होता. त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर काठी, काठीवर दिवा, दिव्याच्या अगदी वर त्यांचा तारा, ताडायचे दोन तारे जरा बाजूला, आणि हे मला विचारत होते, कुठला दिवा.

माझं डोकं फिरलं. मी खाटेवरची करंडी उचलली आणि त्यांच्यापुढे लॅपटॉपशेजारी आदळली. "हा दिवा! चाळीस वर्षं तुमच्या नाकासमोर चढतोय तो! बोटीचा दिवा लिहिलात, लग्नाचा लिहिलात, माझा कंदील लिहिलात. तुमच्या सख्ख्या भावाचा दिवा तेवढा दिसला नाही तुम्हाला?"

बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. भाऊ हा शब्द ह्या घरात मोठ्याने उच्चारला गेला नव्हता. मुलगी खाली मान घालून बसली. हे करंडीकडे बघत होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बोट पुढे करून करंडीच्या कडेला लावलं आणि लगेच काढून घेतलं.

मग म्हणाले, "आज बघू. सात वाजता."

सातला आम्ही तिघं छतावर. पूर्वेला नदीवर चंद्र आला होता, पंचगंगेकडून दोऱ्या ओढल्याचे आवाज येत होते. हे खुर्चीत आडवे झाले आणि दुर्बीण लावून बसले. मुलगी वही घेऊन शेजारी. मी काठीजवळ, हातात दोरी.

"चढव," हे म्हणाले.

मी दिवा वर नेला. ते किती तरी वेळ बघत राहिले. "सात पूर्णांक दोन," म्हणाले. मुलीने लिहिलं.

"उतरव."

मी दिवा खाली घेतला आणि पदराआड धरला. पुन्हा तेवढाच वेळ. "सहा पूर्णांक आठ."

म्हणजे तारा उजळला. कुठल्या कुठे असलेला तारा, मी दोरी सोडली आणि उजळला.

"पुन्हा," हे म्हणाले. "मला सांगू नका वर आहे की खाली. मी डोळे मिटतो, तुम्ही करा."

पाच वेळा केलं. कप्पीच्या आवाजाने कळू नये म्हणून दर वेळी मी दोरी एकदा वर, एकदा खाली अशी खेचायची आणि मग थांबवायची. पाचही वेळा, दिवा वर असताना सात पूर्णांक दोन, खाली असताना सहा पूर्णांक आठ. एकदाही चुकले नाहीत. इतका नेमका डोळा आहे माझ्या नवऱ्याचा. आणि त्याच डोळ्याला बारा वर्षं तो दिवा दिसला नव्हता. मला रडावं की ओरडावं कळेना.

मुलीने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "अधिक महिना!" ती म्हणाली. "काकू, मी आपलं पंचांग त्या ताऱ्याभोवती फिरवत होते. मी, नागपूरची, लहानपणापासून कोजागिरीचं दूध पिणारी!" ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. तिच्याही तोंडचा घास गेला होता.

हे उठून बसले. "म्हणजे तिथे कुणी काही बांधलेलं नाही," म्हणाले.

"तसं नाही काका. तिथे काहीतरी आहे, ते मोठ्या दुर्बिणींना दिसलंय. काय आहे, कुणी बांधलंय का, अजून कुणालाच सांगता येत नाही." तिने पानं उलटली. "आणि ही एक नोंद बघा. भाद्रपदातली, पाच वर्षांपूर्वीची. 'आज एकदम उतरला, कारण कळत नाही.' तेव्हा दिवा नव्हता. ही मी ठेवते. बाकी कार्तिकातलं सगळं मात्र..."

"खोडायचं," हे म्हणाले. "मी खोडून देतो. ज्याच्या नोंदी त्यानेच खोडायच्या असतात. कारण लिहून."

ती गेल्यावर मी अपराध्यासारखी उभी राहिले. माझ्यासारख्या बाईला हे शोभत नाही, पण राहिले. म्हटलं, "अहो, काठी उद्या दक्षिणेच्या कठड्याला बांधते. तिथे तुमच्या मध्ये येणार नाही."

ते वर बघत होते. दिवा वर होता. मला वाटतं, पहिल्यांदाच बघत होते.

"त्याला पोहता येत होतं," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं. म्हणून मी वळून पाहिलं नाही."

एवढंच. मी खाली बसले, तिथेच, काठीच्या बुडाशी. चाळीस वर्षांत भावाबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी त्यांचा पाय धरून बसले. खाली गॅसवर दूध आटत होतं, ते तळाला लागल्याचा वास वरपर्यंत आला, तरी दोघंही उठलो नाही.

"काठी राहू दे तिथेच," शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाल पेन घेतलं. सकाळी देवपूजा झाली की वह्या काढून बसायचे. कोजागिरीपासून त्रिपुरीपर्यंतची एकेक ओळ, पट्टी लावून, लाल रेघेने खोडायची आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. प्रत्येक वर्षी पंचवीस-तीस संध्याकाळी, अशी बारा वर्षं. मी एकदा सांगून पाहिलं, "अहो, पहिल्या ओळीत लिहा आणि खाली 'वरीलप्रमाणे' म्हणा. बोटं दुखतील." मान वर न करता म्हणाले, "नाही. प्रत्येक दिवसाचं वेगळं."

दिवाळी आली नि गेली. फराळाचं ताट शेजारी ठेवलं तर तेवढं हाताने खायचे आणि परत पेन. त्या दिवसांत मी वहीत डोकावले नाही. मी, जिला दुसऱ्याची पत्रं वाचल्याशिवाय चैन पडत नाही, मी डोकावले नाही. आणि संध्याकाळी दिवा चढवायची वेळ झाली की दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरलेलं असायचं. मी काही बोलायची नाही. बोलले असते तर हे दोरी सोडून गेले असते, ही धास्ती.

त्रिपुरीच्या दोन दिवस आधी मुलगी येऊन वह्या घेऊन गेली. रात्रीची भांडी घासत होते तेव्हा तिचा फोन आला. आवाज असा की मी आधी घाबरलेच.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही पाहिलंत का काकांनी काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय?"

"मला वाटलं होतं, 'जवळ दिवा' असं काहीतरी लिहितील. आम्हाला तेवढं पुरतं. काकूऽ, प्रत्येक ओळीत एकच लिहिलंय. 'धाकट्याचा दिवा.' प्रत्येक ओळीत. तीनशेच्या वर आहेत. एकदा लिहिलं असतं तरी चाललं असतं हो."

माझ्या हातातून ताटली निसटून मोरीत पडली. वरून छतावरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कप्पीची कुरकुर. हे एकटेच दिवा उतरवत होते.

"असू दे गं," मी म्हटलं. "लिहू दे त्यांना."